नाव न विचारण्याची हमी

‘मुक्त संवाद उपक्रमात प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कोणीही, कधीही, कोणत्याही कारणास्तव विचारणार नाही.’ अंबरनाथच्या एमआयडीसीतील एका औषध कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ही हमी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लावलेली होती, आणि तिन्ही भाषांत ती सारखीच उदार होती. खाली एक चौकोनी कोड छापला होता. तो मोबाइलने टिपायचा, प्रश्न लिहायचा, की महिनाअखेरीस सभागृहाच्या पडद्यावर तो बिननावाचा झळकणार.

हमी उत्तमच होती. अडचण इतकीच की कोड गेटच्या आत होता आणि कामगारांचे मोबाइल गेटबाहेर. ज्वालाग्राही रसायनांमुळे कामगारांचे फोन सकाळीच वॉचमनच्या कपाटात जमा होत. आत फोन फक्त ऑफिसच्या माणसांकडे. म्हणजे विचारण्याचे साधन ज्यांच्या हाती, त्यांना विचारण्यासारखे काही नव्हते. पहिल्या सत्रात ‘साहेबांच्या उत्साहाचे रहस्य काय?’ हा प्रश्न झळकला, आणि चंदर साहेबांनी, म्हणजे प्लांटच्या प्रमुखांनी, त्याचे सविस्तर उत्तर दिले. प्रश्न एचआरच्या उन्नतीने स्वतः लिहिला होता.

हे अंजनाला ठाऊक होते, कारण उन्नतीनेच ते तिला हसत हसत सांगितले होते. अंजना पावडर रूममध्ये वजने करी. ठेकेदाराच्या हाताखाली तिची उमेद झिजत आली होती. यंदा दिवाळीला कायम करू, असा शब्द मिळाला होता, आणि त्या शब्दावर घरातल्या साऱ्यांचे बेत उभे होते. उन्नती बदलापूर गावची. शिकाऊ म्हणून आली तेव्हा तिला कोणी जेवायला जवळ बसवेना, तेव्हा अंजनाने आपल्या डब्यातली भाकरी मोडून दिली. तेव्हापासून ती ‘ताई’ म्हणे.

दुसऱ्या सत्राआधी उन्नती पावडर रूमच्या दाराशी आली.

“ताई, एक तरी खरा प्रश्न दे गं. हेड ऑफिस म्हणतंय, कामगार सहभागी होत नाहीत. माझं नाक कापलं जाईल.”

वेणूबाई, अंजनाच्या शेजारी बसणारी, तिथूनच म्हणाली, “निनावी म्हणे! इथं शिंकलं तरी सुपरवायझरला नाक कळतं.”

“मावशी, सिस्टीमच तशी आहे, नाव येतच नाही.”

“आन् तू? तू सिस्टीममधी नाहीस व्हय?”

अंजना हसली. तिला स्वतःला काही विचारायचे नव्हते. दिवाळी तोंडावर असताना कोण विचारतो? पण पोरीचे नाक कापले जाणार होते. तोंडावरचा रुमाल खाली ओढून ती म्हणाली, “लिही. धूळ ओढणारा पंखा तपासणीवाले आले की चालतो, एरवी बंद का असतो?”

उन्नतीने ते आपल्या फोनवर लिहिले. “भारी, ताई. आईशप्पथ, तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही.”

प्रश्न झळकला तेव्हा सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. चंदर साहेब स्वतःच टाळ्या वाजवू लागले. “बहोत बढ़िया सवाल! असेच लोक पायजेत आपल्याला. पंखा उद्यापासून चालू.” पंखा खरोखर चालू झाला. वेणूबाईचा खोकला उतरला. हेड ऑफिसने उन्नतीचे कौतुक केले, आणि अंजनाला मनातून आपण शहाणपणा केला असेही वाटून गेले.

दिवाळीआधी पावडर रूमच्या बाकी बायकांना कायम केल्याची पत्रे मिळाली. वेणूबाईलाही. अंजनाला ठेकेदाराने बाजूला घेतले. “ताई, माझ्या हातात काय नाय. वर म्हणतात, तुम्हाला प्रश्न फार पडतात.”

वेणूबाईने समजूत काढली, “अगं, ओळखलं असंल अंदाजानं.” पण अंदाज कशावरून? धूळ सगळ्यांच्याच छातीत जात होती. तो प्रश्न त्या खोलीतल्या कोणाचाही असू शकत होता, अगदी खोकणाऱ्या वेणूबाईचा तर आधी. निनावीपणाला जी गर्दी लागते, ती या एका बाबतीत पुरेशी होती. संशय सगळ्यांत वाटला गेला असता. इथे तो नेमका एकीवर येऊन थांबला होता.

रविवारी अंजना बदलापूर गावात उन्नतीच्या घरी गेली. तिची आई मोतीबाई ओटीवर होती. “ये गो अंजना, बस. चाय टाकतंव,” म्हणून ती आत गेली. उन्नती बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली.

“पत्र नाही आलं मला,” अंजना म्हणाली.

“कळलं, ताई. खूप वाईट वाटलं. मी मॅनेजमेंटशी बोलणारच होते.”

“तू आधीच बोललीस.”

“मी नाव नाही घेतलं! आईशप्पथ!”

“शपथ तेव्हाही घेतली होतीस. आता नुसतं सांग. काय झालं?”

आत कपबशा वाजल्या. उन्नतीने मागे वळून दार ओढून घेतले. ती रडेल, असे अंजनाला वाटले. तसे झाले असते तर कदाचित माफ करणे सोपे गेले असते. पण उन्नतीचे डोळे कोरडे होते, आणि आवाजात अन्याय झालेल्या माणसाचा सूर होता.

“साहेबांनी विचारलं, सवाल कुणाचा. मी म्हटलं, सर, निनावी आहे, सांगता येणार नाही. मग ते म्हणाले, सांगू नकोस, मी एकेक नाव घेतो, चुकलं तर फक्त नाही म्हण. मी प्रत्येक नावाला नाही म्हणत गेले, ताई. तुझं नाव आलं तेव्हा गप्प बसले. मला खोटं बोलता येत नाही.”