फोटो हातात धरून केलेली मारामारी

सिनेमाच्या सेटवरचं सामान मी सांभाळतो. खुर्ची, पिस्तूल, नायकाच्या आईच्या गोळ्या, जे लागेल ते. अठ्ठावीस वर्षांत माझ्या सामानावाचून शूटिंग अडलं नव्हतं. त्या दिवशी वडपळनीच्या स्टुडिओत अडलं, तेही एका फोटोसाठी.

सिनेमा तमिळ, मारामारीचा. नायक निवृत्त इन्स्पेक्टर, बायको वारलेली. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो. चार गुंड घरात शिरतात, फोटो पाडतात, एकजण त्यावर बूट ठेवतो, आणि मग नायक उठतो. ज्या मुलीचा फोटो लावायचा होता तिची आई सकाळीच सेटवर येऊन धडकली.

"माझ्या पोरीचं लग्न ठरलंय. तिच्या फोटोला हार घातलात तर बघा!"

"अम्मा, लगेच तिचा हसतानाचा शॉट घेतो ना, नेहमीसारखा," दिग्दर्शक इनियन म्हणाला. आमच्यात जिवंत माणसाला पडद्यावर मेलेलं दाखवलं की मागोमाग त्याला कॅमेऱ्यासमोर हसवतात. दोष राहत नाही.

"तुझ्या आईला घाल हार आणि तिला हसव!" म्हणून ती पोरीला घेऊन गेलीसुद्धा.

इनियनची असिस्टंट यमुना हिने कॉम्प्युटरवर एक बाई तयार करून आणली. नायकाचं काम करणारे वेट्रिवेल सर तो चेहरा बराच वेळ बघत बसले.

"ही कुणाचीच बायको वाटत नाही गं. हिच्यासाठी मी चौघांना मारू कसा?"

मी म्हणालो, "माझ्या घरी आहे एक. हार घातलेला."

माझी बायको पेच्चियम्मा जाऊन चौदा महिने झाले होते. घर जवळच, साळिग्रामममध्ये. फोटो पिशवीत घालून आणला, यमुनाने त्याच्या तीन कॉप्या काढून आणल्या. त्या मी फ्रेममध्ये बसवू लागलो. वर आमची ती फुटणारी, न कापणारी काच. तिसरी फ्रेम बसवताना माझ्या ध्यानात आलं की हिच्या तोंडावर बूट पडणार आहे. सीन मी दहादा वाचला होता, पण सामानाची यादी वाचावी तसा. फोटो तीन, हार तीन, बूट चार जोड.

इनियनकडे गेलो. "तंबी, तेवढं बुटाचं नको."

"अण्णा, कॉपी आहे ती. खरा फोटो तुमच्या पिशवीत आहे ना?"

"चेहरा तिचाच आहे."

"अहो, बूट नाही पडला तर सरांना राग कशाचा येणार? सगळा सिनेमा तिथून उठतो."

त्याचं चुकत नव्हतं. फोटो मीच देऊ केला होता. मी सेटच्या मागे जाऊन खऱ्या फोटोची काच नेसलेल्या वेष्टीच्या टोकाने पुसत बसलो. वेट्रिवेल सर कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.

"नाव काय त्यांचं?"

"पेच्चियम्मा."

"माझे सिनेमे बघायच्या?"

"बघायची सर. पण मारामारी लागली की डोळे झाकायची. संपली का, संपली का, विचारत राहायची."

"मग?"

"मी आधीच सांगायचो, संपली म्हणून. डोळे उघडायची आणि मला चापट मारायची."

सर हसले. मग सरळ फाइट मास्टरकडे गेले.

"मास्टर, फोटो पडणार नाही."

"मग गुंडांनी काय आरती करायची?"

"फोटो माझ्या डाव्या हातात. उजव्याने चौघांना."

"सर, दोन हात मोकळे असताना तुमचा गुडघा धरतो!"

इनियन म्हणाला, "पण सर, राग..."

"राग नको रे. मला भीती वाटू दे. काच फुटेल याची."

तीनदा तालीम झाली. दुसऱ्या तालमीत सरांचं कोपर सोललं. दुपारी तीनला टेक लागला. पहिला गुंड आत आला तसा सरांनी फोटो भिंतीवरून उतरवला आणि छातीशी धरला. दोन फटके त्यांनी पाठीवर घेतले, फोटोकडे वळू दिले नाहीत. एकाला दारावर आपटलं, फोटो या हातातून त्या हातात घेतला, आणि मधेच, तिसरा उठेपर्यंत, वेष्टीच्या टोकाने काच पुसली. हे तालमीत नव्हतं. मी मॉनिटर सोडून भिंतीकडे तोंड केलं.

"ओके!" इनियन ओरडला. मास्टर टॉवेलने डोळे पुसत म्हणाले, "पुसणं माझ्या नावावर लावा. मीच शिकवलं म्हणून सांगेन."

एकही फ्रेम फुटली नाही.

सिनेमा लागला तेव्हा मी कोडंबाक्कमच्या थिएटरात दुपारच्या खेळाला एकटाच गेलो. गोष्ट साधीच होती, मधे जरा रेंगाळलीही. पण सर पडद्यावर आले की लोक पुढे सरकून बसत. ती मारामारी लागली आणि शिट्ट्यांनी काही ऐकू येईना. सरांनी काच पुसली तेव्हा मात्र शिट्ट्या थांबल्या.

माझ्या शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, "शिका जरा. तुम्ही असता तर?"

"मी? मी पहिल्यांदा फोटोच फेकून मारला असता. तुझ्यापुढे कोण टिकतंय!"

बाईने त्याला कोपराने ढोसलं. मला हसू आवरेना. नवऱ्याने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि कुरकुरीत मुरुक्कूची पुडी पुढे केली. मी दोन घेतले. पडद्यावर सर फोटो भिंतीला लावून मागे सरकून तो सरळ आहे का ते बघत होते. पेच्चियम्मा पडदाभर दिसत होती.