लाकडी जहाजावरचा नियम

माझे सासरे मच्छिंद्रनाना नेव्हीतून रिटायर होऊन जळकोटात आले त्याला जमाना झाला, पण त्या लाकडी जहाजावरून ते अजून उतरलेले नाहीत. समुद्रात पेरलेले सुरुंग काढणारी ती जहाजं. लोखंडी जहाज वरून गेलं की सुरुंगाला चाहूल लागायची आणि तो फुटायचा, म्हणून ती सगळी जहाजं लाकडाची बांधलेली. खलाशाच्या खिशात साधा चाकू सापडला तरी अधिकारी फाडून खायचा. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात हे सगळं मला पाठ झालं.

सासूबाईंचा, विठाबाईंचा, उजवा हात बधिर व्हायला लागला होता. बोलता बोलता शब्द सापडायचा नाही. एमआरआय केल्याशिवाय औषध ठरणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. धाराशिवला दोनदा नेलं आणि दोन्ही वेळा मशीनचं ते बोगद्यासारखं तोंड बघून बाई माघारी फिरल्या. मेल्यावर घाला त्यात, म्हणाल्या. मला असा राग आला की परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी बोलले नाही. रागाच्या तळाशी भीतीच होती.

तिसऱ्या खेपेला नाना हट्टाला पेटले. आत तुझा पाय धरून उभा राहतो, असं त्यांनी कबूल केलं तेव्हा कुठं बाई निघाल्या. सेंटरवरचा पोरगा म्हणाला, नातेवाईक थांबले तरी चालेल, फक्त अंगावर धातू नको. झालं, नानांना ड्यूटी मिळाली. बांगड्या, जोडवी, केसातली शेवटची पिन, सगळं त्यांनी स्वतः उतरवून घेतलं. मग "धर गं, क्षमा," म्हणत स्वतःचा पट्टा, घड्याळ, चाव्या, खिशातला अडकित्ता माझ्या ओंजळीत ओतला आणि छाती काढून उभे राहिले.

"आजोबा, पेसमेकर वगैरे?" पोरानं विचारलं.

नानांचा चेहराच उतरला. गेल्या दिवाळीत सोलापूरला छातीत बसवलेलं ते यंत्र त्यांच्या ध्यानातच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं. मशीनजवळ गेलात तर जिवावर बेतेल, पोरगा म्हणाला. तरी नाना दाराकडं सरकले. शब्द दिलाय, म्हणाले. ही खेपही पाण्यात गेली असं मी मनाशी म्हणतेय, तोवर सासूबाईंनी त्यांचा दंड धरला.

"सरा मागं. लोखंड तुमच्यात हाय, माझ्यात न्हाय. म्या जाते एकली."

आणि त्या अनवाणी आत गेल्या. मागं वळूनही पाहिलं नाही.

दार लागलं. आत मशीन ठोके द्यायला लागलं. नाना सैल झालेली पँट एका हातानं धरून दारासमोर उभे राहिले. खुर्ची पुढं केली तर नको म्हणाले. बऱ्याच वेळानं, दारावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "म्या जहाजावर असताना हीबी अशीच थांबत असंल व्हय गं, क्षमा?"

मी होय म्हणाले.