मर्विनची कॅराव्हॅन

प्लासिड तुस्कानोने कुवेतमध्ये बावीस वर्षं ट्रेलर चालवला. चाळीस चाळीस टनांचे पाइप मागे घेऊन बंदरापासून वाळवंटापर्यंत आणि परत. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून कुणाला खरचटलंही नाही. आपल्या गावी, गिरीजला, कायमचा परत आला तेव्हा त्याने गाडी चालवणं जवळजवळ सोडूनच दिलं. बाजाराला स्कूटर, चर्चला पायी. वाडीत केळी होती, अळू होतं, सोनचाफ्याची दहा झाडं होती. त्यातच त्याचा दिवस जाई.

त्याची एकुलती एक मुलगी सुझान लग्न होऊन विरारला बोळिंजमध्ये राहत होती. जावई मर्विन चांगला होता. गोरेगावला एका कंपनीत नोकरी, घरी आला की कामात हात, सहा वर्षांच्या प्रिस्काचा अभ्यास तोच घेई. एक गोष्ट मात्र होती. काही मनात आलं की ते ओळखीतल्या सगळ्यांच्या आधी त्याला करून दाखवायचं असे. गेल्या वर्षी त्याच्या मनात कॅराव्हॅन आली. गाडीच्या मागे हुकाला जोडून ओढायची, चाकांवरची छोटी खोली. परदेशातले व्हिडिओ बघून त्याने वालीवच्या एका शेडमध्ये ती बनवून घेतली. दोन पलंग, एक बेसिन, गॅसची शेगडी, वर पांढरा रंग आणि बाजूला निळा पट्टा.

पहिल्यांदा ती गिरीजला आली त्या दिवशी आजूबाजूची माणसं बघायला जमली. प्लासिडने तिच्याभोवती एक फेरी मारली, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकून बघितलं.

"पाण्याची टाकी एवढी मागे का?" त्याने विचारलं.

"तिथेच जागा होती, डॅडी. पुढे कपाट आलं."

"हं," प्लासिड म्हणाला.

पाहुणे गेल्यावर त्याने बायकोला सांगितलं. "टाकी भरली की सगळं वजन चाकांच्या मागे जाणार. पुढे हुकावर काही राहणारच नाही. अशी गाडी जरा वेग घेतला की शेपटासारखी हलते."

"मग त्याला सांगा ना," फेलिशिया म्हणाली.

"त्याची गाडी आहे. मी काय सांगणार?"

फेलिशियाने पुन्हा विचारलं नाही. कारण तिला माहीत होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या वडिलांनी प्लासिडला चार माणसांसमोर, विहिरीवरचा पंप कसा बसवायचा, यावरून झापलं होतं. नंतर वर्षभर प्लासिड सासरी गेला नव्हता. आपण तसला सासरा व्हायचं नाही, हे त्याने सुझानच्या साखरपुड्यालाच ठरवून टाकलं होतं, आणि ते त्याने पाळलंही होतं.

जानेवारीच्या शेवटी जोडून सुट्ट्या आल्या. मर्विनने बोर्डीला जायचं ठरवलं. दोन दिवस समुद्राकाठी, सासू-सासऱ्यांसकट. शनिवारी सकाळी सात वाजता कॅराव्हॅन जोडून तो गिरीजला आला. टाकी काठोकाठ भरलेली होती. मागच्या पलंगाखाली बर्फाची पेटी, घडीचं टेबल, खुर्च्या आणि एक जनरेटर. प्लासिडने जनरेटरकडे बघितलं आणि तो पुढे मर्विनच्या शेजारी जाऊन बसला. बायका आणि प्रिस्का मागच्या सीटवर.

हायवेला लागल्यावर मर्विनने उजवीकडची लेन धरली आणि सोडली नाही. मागून हॉर्न वाजत होते. तो म्हणाला, "वाजवू दे. आपणही रस्त्याचा टॅक्स भरतो."

"जरा डावीकडून घे ना," प्लासिड म्हणाला. एवढंच तो म्हणाला.

"डावीकडे सगळे ट्रक, डॅडी. इथून मोकळं पडतं."

प्लासिड गप्प बसला. गप्प बसून तो बघत राहिला. गाडीचे आरसे नेहमीचेच होते, रुंद बसवलेले नव्हते. त्यांत कॅराव्हॅनच्या पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. पुढच्या गाडीपासून मर्विन एखाद्या हातगाडीएवढं अंतर ठेवत होता. ओव्हरटेक करून झालं की लगेच आत घेई. मागे आणखी चौदा फूट आहेत हे त्याला दर वेळी थोडं उशिरा आठवे. पेल्हारच्या पुढे एका टेम्पोवाल्याने हात बाहेर काढून शिवी दिली. मर्विन हसला. वेगाच्या काट्याकडे बघायला प्लासिडला मान वळवावी लागत नव्हती. काटा नव्वदवर होता.

विरार फाट्याच्या पुढे ते चहाला थांबले. सुझानला अर्धशिशीचा त्रास होता. तिचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. उन्हाकडे बघवत नव्हतं.

"मागे जाऊन झोप ना," मर्विन म्हणाला. "पलंग कशाला बनवलाय? पडदे ओढ आणि आडवी हो. एका तासात मनोर."

सुझान उठली. प्रिस्काही "मीपण, मीपण" करत तिच्या मागे निघाली. मर्विनने कॅराव्हॅनचं दार उघडलं. तेवढ्यात प्लासिड चहाचा ग्लास बाकावर ठेवून आला आणि दारात उभा राहिला.

"आत कुणी बसायचं नाही."

"डॅडी, तिचं डोकं दुखतंय."

"दुखू दे. चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणूस बसवत नाहीत."

"मी हळू चालवीन ना."

"नाही." प्लासिडचा आवाज वाढला नव्हता, पण टपरीवरची माणसं बघायला लागली होती. "तिला आत घालणार असशील तर आम्ही रिक्षा करून परत जातो. तिला आणि प्रिस्काला घेऊन."

सासरा मर्विनशी असं बोलण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याचे कान लाल झाले. त्याने दार आपटून बंद केलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. सुझान डोळ्यांवर ओढणी धरून मागच्या सीटवर बसली. फेलिशियाने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मर्विन आता आधीपेक्षा जोरात चालवत होता, आणि का, ते प्लासिडला कळत होतं. आणखी एक शब्द बोललो तर हा आणखी जोरात चालवील, असं त्याला वाटलं. म्हणून तो बोलला नाही.

खानिवड्याच्या अलीकडे रस्ता थोडा उताराला लागतो. एक ट्रक डावीकडून संथ चालला होता. मर्विनने त्याला मागे टाकलं आणि लगेच डावीकडे घेतलं. त्याच वेळी उजव्या लेनमधून एक कंटेनर गेला. त्याच्या वाऱ्याचा धक्का कॅराव्हॅनला बसला. ती एकदा उजवीकडे गेली, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आधीपेक्षा जास्त. गाडीचं ढुंगण कुणीतरी धरून हलवावं तसं झालं. मर्विनने ब्रेकवर पाय दाबला.

"ब्रेक नको! पाय काढ! सरळ धर!" प्लासिड ओरडला.

तोवर व्हायचं ते झालं होतं. हुक सुटला. गाडी आडवी फिरून दुभाजकाला घासत थांबली. कॅराव्हॅन डाव्या कुशीवर पडली आणि तशीच घसरत रस्त्याच्या कडेला गेली. कडेने एक स्कूटर चालली होती.

प्लासिड उतरून धावला. टाकी फुटून पाणी रस्त्यावर पसरलं होतं. स्कूटर खड्ड्यात पडली होती, आणि तिच्यावरचा माणूस कॅराव्हॅनच्या छताच्या कडेखाली अडकला होता. शुद्धीवर होता. "पाय," तो म्हणत होता. "माझा पाय." मागच्या ट्रकचा ड्रायव्हर आणि क्लीनर आले, एका बाइकवरचे दोघे आले, मर्विन आला. पाच जणांनी कड उचलली आणि प्लासिडने त्या माणसाला काखेत धरून बाहेर ओढलं. कॅराव्हॅनच्या आत मागचा पलंग मोडून जनरेटर त्याच पलंगावर पडलेला होता. सुझानने ते खिडकीतून बघितलं आणि प्रिस्काचं तोंड दुसरीकडे फिरवलं.

त्या माणसाचं नाव प्रल्हाद. मनवेलपाड्याला राहायचा, खानिवड्याच्या पुढे एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. कामावर निघाला होता. उजवी मांडी दोन ठिकाणी मोडली होती.

दुपारी पोलीस चौकीत जबाब झाले. मर्विनने सांगितलं की कंटेनरने कट मारला. हवालदाराने लिहून घेतलं आणि प्लासिडला विचारलं, "तुम्ही शेजारी होता. तुम्ही काय बघितलं?"

प्लासिडने सांगितलं. कंटेनर त्याच्या लेनमध्ये होता. आमचा वेग शंभरच्या आसपास होता. सामान आणि पाणी सगळं चाकांच्या मागे भरलं होतं. ब्रेक मारल्यामुळे हुक सुटला. तो बोलत होता तेवढा वेळ मर्विन समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

गिरीजला परत येताना सुझान वडिलांबरोबर रिक्षात बसली. निम्म्या वाटेत तिने विचारलं, "तुम्हाला हे सगळं सकाळपासून दिसत होतं?"

"हो."

"आणि मी आत बसायला निघाले तेव्हाच बोललात."

"हो."

घरी आल्यावर तिने अंधाऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आठव्या दिवशी प्लासिड केळ्यांची एक फणी घेऊन प्रल्हादला बघायला हॉस्पिटलमध्ये गेला. मांडीत सळी घातली होती. उशाशी त्याची बायको सुहासिनी बसली होती.

"तुम्ही जबाब खरा दिलात असं हवालदार सांगत होता," प्रल्हाद म्हणाला. "स्वतःच्या जावयाविरुद्ध. एवढं कोण करतं."

प्लासिड बसला नव्हता. "एक गोष्ट जबाबात नाही," तो म्हणाला. "मी आयुष्यभर हेच काम केलंय. ती गाडी कशी भरली आहे, कशी चालली आहे, सगळं मला दिसत होतं. माझी मुलगी आत बसायला निघाली तेव्हा मी आडवा उभा राहिलो. रस्त्यावर बाकीची माणसं आहेत, याच्यासाठी नाही राहिलो. तेव्हाच गाडी पुढे जाऊ दिली नसती तर तुम्ही इथे नसता."

"हे मला कशाला सांगता?" प्रल्हाद म्हणाला.

"दुसऱ्या कुणाला सांगून काय उपयोग?"

सुहासिनी उठली. तिने प्लासिडच्या हातातून केळी घेतली आणि टेबलावर ठेवली. "आता तुम्ही जा," ती म्हणाली. "पुन्हा या. पण आज जा."

तो पुढच्या गुरुवारी गेला. मग दर गुरुवारी गेला. आधी हॉस्पिटलमध्ये, नंतर मनवेलपाड्याला त्यांच्या घरी. पहिल्या दोन-तीन वेळा प्रल्हाद फारसं बोलला नाही. नंतर तो कुवेतबद्दल विचारू लागला, तिथे उन्हात गाड्यांचे टायर कसे टिकतात वगैरे. त्या दिवसाचा विषय त्यांच्यात पुन्हा निघाला नाही. मार्चच्या शेवटी तो वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत आला. डॉक्टर म्हणाले, पाय पाऊण इंचाने आखूड राहील.

मर्विनवर केस झाली. तारखा पडत होत्या. गिरीजला तो येत नव्हता. सुझान रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून प्रिस्काला घेऊन एकटी यायची, जेवायची आणि संध्याकाळी जायची. "तो कसा आहे?" फेलिशिया विचारायची. "बरा आहे," सुझान म्हणायची. आईशी ती नीट बोले. वडिलांशी लागेल तेवढंच. प्लासिडने त्याबद्दल तक्रार केली नाही. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात तो एरवीपेक्षा जास्त वेळ वाडीत असे.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी मर्विन आला. सुझान आणि प्रिस्का त्याच्याबरोबर होत्या. तो फेलिशियाच्या पाया पडला, प्लासिडच्याही पडला. जेवण झालं. फेलिशियाने मुद्दाम सुझानला आणि प्रिस्काला घेऊन फुलं खुडायला नेलं. दोघे पुरुष ओटीवर राहिले.

"मी प्रल्हादकडे जाऊन आलो," मर्विन म्हणाला. "फेब्रुवारीत एकदा आणि काल. फेब्रुवारीत त्यांच्या बायकोने दार उघडलं नाही. काल उघडलं."

"काही बोलला तो?"

"पाय दाखवला." मर्विन थांबला. "डॅडी, जबाबाचा मला राग आला होता. खूप आला होता. तो गेला. खोटं मीच बोललो होतो."

प्लासिडने मान हलवली.

"दुसरा राग अजून आहे. तुम्ही शेजारी बसून सगळं बघत होता. टाकी बघितलीत तेव्हापासून तुम्हाला माहीत होतं. मला एका शब्दानंही सांगितलं नाही. तुमच्या ट्रेलरवर एखादा नवा ड्रायव्हर असता तर त्याला सांगितलं असतंत ना?"

"त्याला खाली उतरवलं असतं."

"मग मला का नाही?"

प्लासिडने त्याला आपल्या सासऱ्याची आणि पंपाची गोष्ट सांगितली. ती त्याने मर्विनला आजवर कधी सांगितली नव्हती. मर्विनने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?" प्लासिडने विचारलं.

खोटं उत्तर देणं सोपं होतं.

"नाही," मर्विन म्हणाला. "वाद घातला असता. कदाचित वर्षभर इकडे आलोही नसतो."

"तसाही तीन महिने आला नाहीस."

मर्विनला हसू आलं, पण ते त्याने आवरलं. वाडीतून प्रिस्का ओरडत होती की वरच्या फांदीवरचं फूल तिच्या हाताला येत नाही. प्लासिड उठायला लागला. मर्विनने त्याला बसवलं, चपला घातल्या आणि तो शिडी आणायला मागच्या बाजूला गेला.