हिरवा घड

प्रणीतने कात्री उघडली, तेवढ्यात वसुमतीअक्कांनी त्याचं मनगट धरलं.

"स्वल्प थांब रे. रंग कुठं आलाय अजून?"

देवनहळ्ळीच्या त्या द्राक्षमांडवावरचे सगळे घड काळेनिळे झाले होते. एकाच फांदीचे तेवढे हिरवे. ती फांदी अक्कांच्या यजमानांनी, प्रणीतच्या अवधूतसरांनी, पंच्याण्णव साली शोधली होती. सरांना जाऊन आता चार महिने झाले होते आणि त्यांचं संशोधन पुरं व्हायला एकच नमुना उरला होता: या फांदीच्या पिकलेल्या द्राक्षांची साल. जमीन अक्कांच्या दिरांनी लेआउटला, घरांचे प्लॉट पाडायला, विकली होती. पुढचा रविवार गेला की सोमवारी वेल उपटणार होते. तरी अक्का दर रविवारी प्रणीतला कॉफी पाजून रिकाम्या हाताने बेंगळूरला पाठवत होत्या. गुरुपत्नीला शिकवायचं कसं, म्हणून हा शहाणा गप्प बसला होता.

आज बोलणं भाग होतं.

"अक्का, हिला रंग येणारच नाही. रंग करणारी जनुकं हिच्यात सगळी आहेत. त्यांना 'चला' म्हणणारं एक असतं, ते मुकं आहे. मक्यात, पेटुनियात अशा हुकूम देणाऱ्यांचं कुटुंबच सापडलंय. द्राक्षात ते कोणतं, हेच सर शोधत होते."

"घरीपण तसंच झालंय. तांदूळ आहे, चूल आहे, मी आहे. 'वाढ' म्हणणारं नाही."

प्रणीतने हलकेच मनगट सोडवून घेतलं.

"आता तोडलं नाही तर सरांचं काम अर्धं राहील."

"राहू दे ना. अर्धं आहे तोवर येतात ते. रोज सकाळी मांडवाखाली चपला वाजतात."

मांडवाखाली दुसरं कुणी नव्हतं. प्रणीतने तरीही मागे वळून पाहिलं.

त्याने घडावरची कागदी पिशवी सोडली. अर्धे देठ उघडे होते.

"पाखरांनी खाल्ली?"

"हिरव्याला पाखरं शिवत नाहीत." अक्कांनी पदराने ओठ पुसले. "गोड आहेत रे. पिकून पंधरा दिवस झाले."

प्रणीतने एकेक घड कापून, गोठवायला, द्रव नायट्रोजनच्या थर्मासात सोडला. पांढरा धूर अक्कांच्या पायांवरून गेला, पण त्या हलल्या नाहीत. शेवटच्या घडापाशी त्याने कात्री मिटली आणि पिशवी परत बांधली.

"हा राहिला," अक्का म्हणाल्या.

"त्याला रंग यायचाय अजून. रविवारी बघू."