दोन ईनॉक

"छिन्नी खाली ठेवा, मिस्टर स्टबली," हेस्टर थर्लबी पाथरवटाच्या अंगणाच्या फाटकातूनच म्हणाली.

त्याने छिन्नी ठेवली आणि शेजारी उभ्या असलेल्या मॉरिसकडे पाहिलं. दगडावर 'ईनॉक थर्लबी' एवढं कोरून झालं होतं. त्याखालचं जन्मसाल '१८३१' अजून खडूतच होतं.

"आलीस का मोडता घालायला?" मॉरिस म्हणाला. हेस्टरचा हा चुलतभाऊ. दोघांच्या खापरपणजोबाच्या थडग्यावर शंभर वर्षं दगड नव्हता. तो बसवायचा ध्यास मॉरिसने दोन वर्षं घेतला होता. "रविवारी तीस माणसं यायची आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत गाव जुळतं, आईबाप जुळतात. अजून काय हवं तुला, त्याचा फोटो?"

"जन्म पाहिलास. मरण पाहिलंस?"

"१९०३. दफनभूमीच्या वहीत आहे."

"ते ह्या १८३१ वाल्याचं नाही." हेस्टरने पिशवीतून कागद काढला. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं काढलेली ही बाई कुठलाही आकडा दोनदा ताडल्याशिवाय मानत नसे. "त्याच चर्चची दफननोंद. नोव्हेंबर १८३२. ईनॉक थर्लबी, वय चौदा महिने."

मॉरिसने कागद हातात घेतला नाही. "वा! म्हणजे आपण चौदा महिन्यांच्या पोराचे वंशज?"

"दीड वर्षाने, मे १८३४ मध्ये, पुन्हा बाप्तिस्मा आहे. तेच आईबाप, तेच नाव. गेलेल्या पोराचं नाव पुढच्याला द्यायची रीतच होती तेव्हा. आपण ह्या दुसऱ्याचे."

"आणि हे तू ठरवलंस."

"१८५१च्या जनगणनेत त्याचं वय सोळा आहे. तुझ्या हिशेबाने एकोणीस हवं."

"त्या काळची माणसं वयाच्या थापा मारायची, हे तूच सांगितलंस मला!"

"एखाद्या वेळी मारतील. पण सहाच्या सहा जनगणनांत बरोबर तीनच वर्षं कमी? एवढी चिकाटी आपल्या घराण्यात कुणात नाही, मॉरिस."

स्टबली खोकला. हसू दाबत होता बहुधा.

मॉरिसने आता कागद घेतला. चष्मा कपाळावरून खाली ओढून दोन्ही नोंदी बोट ठेवून वाचल्या. त्याचे कान लाल झाले. "वंशावळ सगळ्यांना पाठवून बसलोय मी. कॅनडापर्यंत."

"मग पुन्हा पाठव. दगड परत पाठवता येत नाही."

"खडूच आहे, साहेब," स्टबली म्हणाला. त्याने बादलीतलं फडकं पिळून मॉरिसपुढे धरलं.

मॉरिसने साल स्वतः पुसलं. ओल्या दगडावर खडू चालेना, म्हणून दगड वाळेपर्यंत थांबावं लागलं. मग त्याने '१८३४' लिहिलं, पण खडू खाली ठेवला नाही.

"तो पहिला कुठे पुरलाय?" त्याने विचारलं.

"चर्चच्या आवारात. जागा कुणी लिहून ठेवलेली नाही."

"स्टबली, खाली एक ओळ बसेल?"

स्टबलीने वीत लावून मोजलं. "अक्षर बारीक घेतलं तर बसेल."

मॉरिस गुडघ्यावर बसला आणि हळूहळू लिहीत गेला : 'आणि त्याचा थोरला भाऊ ईनॉक, चौदा महिने.'

हेस्टर दगडापाशी वाकली. साल, नाव, चौदाचा आकडा, सगळं तिने कागदाशी एकदा ताडलं, मग पुन्हा एकदा.

"आता कोरा," ती म्हणाली.