सेरवा आंटींचा रंग

संगणक सारखा अडकत होता, म्हणून मी फोटोचं सॉफ्टवेअर मूळ सेटिंगवर आणलं. कुमासी शहरातल्या आमच्या फोटो स्टुडिओत मालक मास्टर बोआतेंगांनी सावळ्या-काळ्या चेहऱ्यांसाठी नऊ वर्षं जुळवलेल्या छटा क्षणात पुसल्या गेल्या. वारलेल्या सेरवा आंटी स्क्रीनवर राखेसारख्या फिकट दिसू लागल्या. त्यांच्या अंत्यविधीचं पोस्टर तासाभरात छापायचं होतं, आणि त्यांची बहीण माझ्या मागेच उभी होती.

"ही कोण गं? माझी बहीण वारली, गोरी नाही झाली!"

"मास्टरना सांगू नका, आंटी. हाकलतील मला."

त्यांनी आपला हात स्क्रीनला टेकवला. "आमचा दोघींचा रंग एकच. बघ आणि कर. चुकलीस तर आधी मीच ओरडेन."

त्यांच्या हाताकडे बघत मी रंग गडद करू लागले.