मशीनवरून सुईवर

थोरला भाऊ अचानक गेला आणि बाइंडरच्या छातीत धडधड शिरली. काही केल्या ती जाईना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी चिंतेवरच्या गोळ्या लिहून दिल्या. "गुंगी येईल, गाडी चालवू नका," असं बजावलं. बाइंडरनं मान डोलावली. त्याच्याकडे गाडी होतीच कुठे?

तिसऱ्या सकाळी त्यानं वह्यांची चळत कटिंग मशीनच्या पात्याखाली सरकवली आणि उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला. अंगठा चळतीवर तसाच राहिला.

"अहो, हात!" शिलाईच्या बाकावरून बायको ओरडली. धावत येऊन तिनं बटण बंद केलं.

"नकोतच त्या गोळ्या," तो म्हणाला. "आजपासून बंद."

"मनानं सुरू केल्या नव्हत्या, मनानं बंदही करायच्या नाहीत. चला आधी दवाखान्यात."

डॉक्टरीणबाई वैतागल्या. "काम काय विचारलं, तर दुकान आहे म्हणालात. मशीन चालवता हे नको सांगायला?"

"तुम्ही गाडीचं बोललात."

"आणखी काही औषध घेता?"

तो बायकोकडे बघू लागला. बायकोनंच पिशवीतून खोकल्याची बाटली काढली. बाईंनी ती वाचून कपाळाला हात लावला. "हिच्यानंही झोप येते! ही बंद. गोळी मी निम्मी करते. दारूला शिवायचं नाही, मशीनलाही नाही. आणि मला विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही. एकदम सोडली की दुखणं उलटतं."

मग कटिंग शेजारच्या छापखान्यात जाऊ लागलं आणि बाइंडर सुई घेऊन बायकोशेजारी बाकावर बसला, पंचवीस वर्षांनी. सासऱ्यांच्या कारखान्यात नवा लागला तेव्हा तो असाच बसायचा. खळीचा आंबूस वास, गुडघ्याएवढे फर्म्यांचे, म्हणजे घडी घातलेल्या छापील कागदांचे ढीग, आणि शेजारी मालकांची मुलगी. याचा दोरा तुटला की ती वर न बघता दुसरा मेण लावून पुढे करायची.

"तुम्ही तो मुद्दाम तोडायचात," बायको म्हणाली.

"तुला कळलं होतं?"

"अख्ख्या कारखान्याला कळलं होतं. बाबा तेवढे भोळे."

"भोळे कसले! त्यांनी मला मशीनवर का टाकलं, सांग बघू?"

बायको इतकी हसली की सुई बोटात गेली.

अशाच एका दुपारी भावाचा विषय निघाला. बाइंडरसाठी मागणी घालायला तोच आला होता, मित्राचे बूट घालून. एक नंबर मोठे. सासऱ्यांसमोर एक बूट पायातून निसटला, तरी पठ्ठ्या बोलतच राहिला. सांगता सांगता बाइंडरचा आवाज फुटला आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा तो पोटभर रडला. बायकोनं फर्मा खाली ठेवला आणि नुसती बसून राहिली.

बाईंनी गोळी हळूहळू उतरवत चार महिन्यांनी थांबवली. आणखी काही दिवस पाहून मशीनला परवानगी दिली. त्यानं पहिली चळत कापली. कड आरशासारखी आली.

दुपारी मशीन बंद करून तो बाकाशी आला. "सरक जरा," म्हणाला. उरलेले फर्मे दोघांनी मिळून शिवले.